दुपारी त्या खिडकीत कुंदाताई होती

ताई, तू हार्ट अटॅकने गेलीस. त्या घराने तुला काही केलं नाही. हे मी पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण शेवटपर्यंत कुणी वाचत नाही हे तुझ्या-माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही.

तू असतीस तर ही ओळ खोडली असतीस. "अश्वे, सगळा माल पायरीवरच उतरवलास की गं. आता गिऱ्हाईक आत कशाला येईल?" उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये, पडद्यांच्या कापडाच्या दुकानावर आपल्या वेबसाइटच्या दोन खोल्या. तिथे दहा वर्षं तू मला हेच शिकवत आलीस. लेख बाकीची मुलं लिहायची आणि मथळे आपण दोघी द्यायचो. मेथीचं पाणी असो, मालिकेतल्या सुनेचं खरं लग्न असो, नाहीतर अंबरनाथ पश्चिमेचे खड्डे. मथळ्याशिवाय कशालाच अर्थ नाही, असं आपले मालक हरीशसेठ म्हणायचे. मोबाइलवर फिरणारा अंगठा थांबला पाहिजे, एवढीच त्यांची मागणी होती.

पहिल्या दिवशी मी तुला 'तुम्ही' म्हणाले, तर तू चष्म्यावरून बघितलंस. म्हणालीस, "लग्न केलं नाही, ते कुणाची सासू व्हायला नको म्हणून. मला तू म्हण." मी तुझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. दोन-तीन दिवस जीभ अडखळली, मग सवय झाली. आता पंधरा दिवस मनातल्या मनात तुझ्याशी बोलते आहे, तेव्हा ती सवय बरी पडते.

तुझी परीक्षा घ्यायची पद्धतसुद्धा जगावेगळी. नवा मथळा सुचला की तू जिन्याच्या तोंडाशी जाऊन तो मोठ्याने वाचायचीस. खाली दुकानात पडदे कापणारे काका कापडात कात्री चालवत असायचे. कात्री चालूच राहिली तर मथळा नापास. कात्री मध्येच थांबली, तर पास. "थांबली?" तू विचारायचीस, आणि मी कठड्यावरून वाकून सांगायचे, "थांबली!" त्या काकांनी तुझ्यापायी किती पडदे तिरके कापले असतील देव जाणे. घरीसुद्धा तुला चैन नसायची. लिंबाच्या लोणच्याची बरणी मला दिलीस, त्यावर चिठ्ठी होती, 'या बरणीत काय आहे हे कळल्यावर तुम्ही भाजी करणं सोडून द्याल.' ती चिठ्ठी वाचून माझी आई पोट धरून हसली होती.

तुझे नियम दोनच. मथळ्यात जे विचारलं त्याचं खरं उत्तर लेखात असलंच पाहिजे, हा पहिला. हूल द्यायची, पण फसवायचं नाही. आणि दुसरा, ते उत्तर शेवटच्या परिच्छेदात ठेवायचं, म्हणजे माणूस सगळ्या जाहिराती ओलांडत खालपर्यंत येतो. पहिला नियम तुझ्या स्वभावातला होता आणि दुसरा सेठच्या धंद्यातला. दोन्ही एकत्र नांदतील असं तुला वाटत होतं, आणि मलाही.

मग ते घर आलं. बदलापूर पश्चिमेला किती घरं कुलूप लावून पडून आहेत, अशा साध्या विषयावर लेख होता. त्यात हेंद्रेपाड्यातल्या नलूमावशींच्या घराचा एक फोटो होता. खाली बंद गाळा, वर एक खोली-स्वयंपाकघर आणि रस्त्याकडे तोंड केलेली एक मोठी खिडकी. तुझ्या पुतणीचं लग्न होतं, म्हणून तू आठवडाभर सुट्टी घेऊन कुळगावला, तुझ्या भावाच्या घरीच होतीस. मथळा मी दिला. 'हेंद्रेपाड्यातलं हे घर तीन वर्षं रिकामं आहे. मग भर दुपारी खिडकीत कोण उभं असतं?'

कात्री थांबली, ताई. नुसती थांबली नाही, काका कात्री हातात घेऊन जिना चढून वर आले आणि म्हणाले, "कौन खड़ा रहता है?"

उत्तर शेवटच्या परिच्छेदात होतं. खिडकीत नलूमावशी उभ्या असतात. त्या अंबरनाथ पश्चिमेला लेकीकडे राहतात. भिंतींना ओल धरू नये म्हणून येऊन दुपारी दोन तास खिडक्या उघडतात. संपलं. तुझे दोन्ही नियम मी अगदी तंतोतंत पाळले होते.

पुढचं तुला माहीत आहे, पण मला ते एकदा माझ्या तोंडाने सांगू दे. लेख कुणी वाचला नाही. मथळा मात्र हातोहात पसरला. मुलं भर बाराला त्या घराखाली मोबाइल धरून उभी राहायला लागली. खिडकीत खरोखरच पांढऱ्या केसांची एक म्हातारी दिसली, तेव्हा त्यांनी तिचंच शूटिंग केलं आणि तिलाच भूत ठरवून टाकलं. व्हिडिओत ती खिडकीची कडी काढताना दिसते. तेवढंच करते ती त्यात, दुसरं काही नाही. खाली कुणीतरी ओरडतं आणि सगळे पळत सुटतात.

नलूमावशी ऑफिसात आल्या त्या दिवशी तू होतीस. गुडघ्यावर हात ठेवून त्या एकेक पायरी चढल्या. आवाज चढवला नाही, शिव्या दिल्या नाहीत. मला म्हणाल्या, "बाळ, तू लिहिलंयस ते मी सगळं वाचलं. सगळं खरंय. पण मी मेलेली नाहीये ना गं." घर भाड्याने जाईल या आशेवर त्यांचं म्हातारपण उभं होतं आणि आता ते बघायलासुद्धा कुणी येत नव्हतं. खिडक्या उघडायला जायचीही त्यांना लाज वाटायला लागली होती.

त्या गेल्यावर तू म्हणालीस, "मथळा बदल."

मी म्हणाले, "का? उत्तर दिलंय की शेवटी. तुझाच नियम आहे."

"मग माझाच नियम चुकला. बदल."

"ताई, आपला आजवरचा सगळ्यांत जास्त वाचलेला मथळा आहे तो. सेठनी पेढे वाटलेत."

"वाचलेला नाही गं," तू म्हणालीस. "बघितलेला."

मी बदलला नाही. त्या दिवशी मला काय झालं होतं ते आज स्पष्ट सांगते. मला तुझा हेवा वाटत होता. दहा वर्षं कात्री तुझ्या मथळ्यांना थांबायची, आणि तू नसताना माझ्या मथळ्याला ती जिना चढून वर आली होती. तुला तेच सहन होत नाही, असं मी मनात म्हणाले. तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी डबा उघडता उघडता अगदी सहज म्हणालीस, "मी नलूताईंचं घर भाड्याने घेतलं."

मला वाटलं, तू मला शिक्षा करते आहेस. तू म्हणालीस, छे, भावाच्या घरात गर्दी झाली आहे आणि मला खिडकी हवी होती. मग आठवड्याच्या सुट्टीला तू त्या खिडकीत खुर्ची टाकून बसायला लागलीस. सकाळी दहापासून दुपारी ऊन उतरेपर्यंत. "मी मेथी निवडते," तू सांगायचीस. "भूत मेथी निवडत नाही, एवढं तर लोकांना कळेल." जो वर बघेल त्याला तू हात करायचीस. खालचं दार आणि वरचं दार, दोन्ही नुसती लोटलेली ठेवायचीस, कुणालाही वर येऊन बघता यावं म्हणून. सोमवारी मी विचारायचे, "आलं का कुणी?" तू म्हणायचीस, "येतील. घाई काय आहे?"

दीड वर्ष कुणी आलं नाही, ताई. आपण त्याच्यावरही हसायचो. दूधवाला पिशवी खालच्या कडीला अडकवून पळ काढायचा, त्याची तू नक्कल करून दाखवायचीस. एकदा मात्र हसता हसता तू थांबलीस आणि म्हणालीस, "अश्वे, एक गंमत सांगू? कधीकधी मीच खाली बघते आणि वाटतं, हे सगळे मला ओलांडून पलीकडचं काहीतरी बघतायत. मग मी स्वतःला चिमटा काढते." मी विषय बदलला. तेव्हा तरी मी मथळा बदलायला हवा होता. कॉम्प्युटरवर दोन मिनिटांचं काम होतं.

त्या दिवशी तुझी सुट्टी होती. सकाळपासून मी तीनदा फोन केला. एका मथळ्यावर तुझा शब्द हवा होता. तू उचलला नाहीस. झोपली असशील म्हटलं. चार वाजता, का कोण जाणे, मी रिक्षा करून हेंद्रेपाड्याला आले. गल्लीच्या तोंडापासूनच तू खिडकीत दिसलीस. मी हात केला. तू केला नाहीस. दारं लोटलेलीच होती. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता. तू खुर्चीत होतीस आणि तुझा उजवा हात कोपरापर्यंत खिडकीच्या गजांतून बाहेर गेलेला होता. डॉक्टर म्हणाले, बाराच्या सुमाराला गेल्या असतील.

आता जे कुणालाच सांगितलेलं नाही ते सांगते. तुझा हात मी गजांतून सोडवत होते. रडायला अजून सुरुवातही झाली नव्हती, आणि माझ्या डोक्यात मथळा आला. मी बोलावला नव्हता. पूर्ण, तयार, एकही शब्द इकडचा तिकडे करायची गरज नसलेला. तुझा हात माझ्या हातात होता आणि मी मनात तो वाचून पाहिला, कात्री थांबेल का म्हणून. थांबली असती, ताई. मी दिलेल्यांतला तो सगळ्यांत चांगला मथळा आहे. तो इथे लिहिणार नाही. पण तो गेलेला नाही. दात घासताना, भाजी चिरताना तो मध्येच येऊन उभा राहतो आणि मला आता स्वतःचीच भीती वाटते.

सेठनी तुला खांदा दिला. स्मशानातून आल्यावर ते दोन दिवस दुकानाच्या पायरीवर नुसते बसून होते, तेव्हा त्यांना वाईट म्हणू नकोस. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनी मला बोलावलं. "अश्विनी, बेटा, ताईवर काहीतरी लिही. दिल से लिही. पण टायटल असं दे ना, की सबको पता चले. तेच घर आहे, तीच खिडकी आहे. लोक विचारतायत." ते डोळे पुसत म्हणाले, "वो होती, तो खुद बोलती, सेठ, ये तो चलेगा."

तू खरंच म्हणाली असतीस का? तुझा धंद्यावर जीव होता. स्वतःच्या मरणाचा मथळासुद्धा तू जिन्यातून वाचून पाहिला असतास, असं मला कधी वाटतं. आणि कधी वाटतं, तू माझ्या कानाखाली वाजवली असतीस. आपलं भांडण अर्धंच राहिलं आणि आता दोन्ही बाजू मलाच लढवाव्या लागतात.

सेठना मी नाही म्हणाले. त्याने काही अडलं नाही. इतर वेबसाइटांनी लिहायचं ते लिहिलं. 'त्या' घराने बळी घेतला म्हणे. माझा जुना मथळा त्यांनी वर पुरावा म्हणून लावला आहे.

मी या गल्लीत परत तीनदा आले. तिन्ही वेळा दुपारीच, ऑफिसातून मधेच उठून. फाटकाला हात लावायचे, वर खिडकीकडे बघायचे आणि जिना चढायचा धीर न झाल्याने परत फिरायचे. तिसऱ्या वेळी कोपऱ्यावर भाजीची गाडी होती. काहीतरी बोलावं म्हणून कोथिंबीर घेतली. गाडीवाली सुमन. तुझ्याकडून तिचं नाव ऐकलं होतं, तिने मला कधी जवळून पाहिलेलं नव्हतं. सुटे परत देताना ती हळूच म्हणाली, "त्या घराकडं नका थांबू, ताय. वर एक होतीच. आता खाली पन एक येते."

"कोण?"

"कोन काय म्हाईत. दुपारची येते. फाटकाला हात लावते, वर बगते नि जाते. आत जात नाय. माज्या नंदेनं दोनदा बगितली."

मला वाटलं, मी हसेन. हसू आलं नाही. ऊन डोक्यावर होतं, गल्लीत चिटपाखरू नव्हतं आणि एक बाई माझ्या तोंडावर मला माझीच भुताची गोष्ट सांगत होती. मी म्हणाले, "ती मीच आहे." तिने आधी माझ्या पायांकडे पाहिलं. पावलं सरळ आहेत याची खात्री करून घेतली, मग तोंडाकडे पाहिलं.

मी तिला सांगितलं. तू कोण होतीस, कुठे काम करायचीस, तो मथळा कुणी दिला, सगळं. ऐकता ऐकता ती गाडीच्या दांडीला टेकली. मग म्हणाली, "त्या दिवशी दहा-साडेदहाला मी हितनंच गेले, ताय. ती हात करत व्हती." हात करून दाखवत म्हणाली, "एरवी करायची, ती निराळी. असा झटकन करायची. त्या दिवशी लय हळू करत व्हती. गजातून भायेर काडून. मला कायतरी वाटलं, मी नाय म्हनत नाय. पन मी खाली बगितलं नि गाडी ढकलली. माज्या पुडं दोगं व्हते, त्यांनी पन खालीच बगितलं."

ती रडत होती. तिला काय सांगू, ताई? तिने फक्त तिच्या कानावर आलेलं खरं मानलं होतं, आणि ते तिच्या कानावर मी घातलं होतं. हात करून तू लोकांना सांगणार होतीस की इथे माणूस आहे. ज्या दिवशी तुला खरंच कुणीतरी वर यायला हवं होतं, त्या दिवशीही तुझ्याजवळ तोच एक हात होता. तू दीड तास हात करत होतीस की पाच मिनिटं, ते मला कधीच कळणार नाही. माझा फोनही त्याच वेळी आत वाजत असेल. तुझ्यापाशी कुणी पोचलं नाही याला कारण मी आहे. मला माफ कर, असं मी म्हणणार नाही, कारण माफ करायला तू नाहीस. पण मला लाज वाटते, आणि ती मी कुणापासून लपवणार नाही.

ऑफिसात जाऊन मी तो मथळा बदलला. या लेखाच्या वर आहे तसाच, 'दुपारी त्या खिडकीत नलूमावशी होत्या', असा त्या जुन्या लेखावर टाकला. खिडकीत कोण होतं, ते सरळ. दोन मिनिटंच लागली. आठवडाभरात तो जेमतेम मूठभर लोकांनी उघडला असेल. सेठनी तो पाहिला आणि तसाच राहू दिला. जुन्याच्या नकला अजून फिरत आहेत आणि त्या माझ्या हातात नाहीत.

परवा तुझं तेरावं झालं. काल मी नलूमावशींकडून किल्ली घेतली. घर मला भाड्याने द्या म्हणाले, तर त्या घाबरल्या. "नको गं बाई. तू तरुण आहेस." मी म्हणाले, "मावशी, घरात ओल आहे, दुसरं काही नाही. मीच छापलं होतं." त्यावर त्या कितीतरी दिवसांनी हसल्या असाव्यात. त्यांनी किल्ली दिली आणि सोबत दमटपणासाठी कोळसा ठेव म्हणून सांगितलं.

आज मी जिना चढले. तुझी मेथीची टोपली ओट्याखाली तशीच आहे. तुझी खुर्ची मी हलवली नाही, तिच्यावरच बसले. हे पहिल्या ओळीपासून इथेच लिहिते आहे. खरं सांगू, मला भीती वाटत होती. तुझी नाही. बाराच्या उन्हात गल्लीतून लोक जात होते आणि एकेकाची मान या घरापाशी आल्यावर खाली जात होती. मी त्यांना दिसत होते, तरी कुणी मला बघत नव्हतं. अर्ध्या तासात मीसुद्धा स्वतःच्या दंडाला चिमटा काढून पाहिला.

मग सुमनची गाडी आली. खिडकीखाली येऊन थांबली. तिची मान खालीच होती. भाजीवर पाणी शिंपडत, वर न बघता तिने हाक मारली, "वर कोन हाय?"

दीड वर्षात हे विचारणारी ती पहिलीच. मी म्हणाले, "मी अश्विनी. कुंदाताईंची."

खाली पाणी शिंपडणं थांबलं. मग तिने विचारलं, "नक्की?"

मी वरून उत्तर दिलं नाही. धावत जिना उतरले, फाटक उघडलं आणि माझा हात तिच्यापुढे धरला. तिने आपला ओला हात पदराला पुसला, माझी बोटं हातात घेतली आणि एकेक करून दाबून पाहिली. ती हात सोडेना, ताई. मीही सोडवला नाही.